विहिरीतली दाढ

देवाजीचा जीव घेतला धोंडबाने, पण त्याच्या हाती कारण दिलं मी. कोर्टात हे मला कोणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगतो.

१९७३चा मे महिना. नागपुरात सदर भागातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो आणि स्वतःला फार मोठा समजायचो. आमच्या प्रयोगशाळेची भिंत देवाजीने बांधली होती, ती ओळख. कळमेश्वरच्या अलीकडे, त्याच्या गावच्या बौद्धवस्तीत तो विहीर खणत होता. गावच्या विहिरीवर वस्तीच्या बायांना सगळ्यांत शेवटी पाणी मिळायचं, तेही कोणी वरून ओतलं तर. आपली विहीर झाली की ही लाचारी संपणार होती. पंचवीस हातांवर त्याला एक काळी, दगड झालेली दाढ सापडली. ती फडक्यात बांधून त्याने मला आणून दिली.

दाढ पाहिली आणि माझं भान सुटलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. कोणाला न दाखवताच मी ठरवून टाकलं की ही वानराची दाढ, माणसाच्या पूर्वजाची. वर ती झिजलेली दाढ कलकत्त्याच्या तज्ज्ञांकडे पाठवली, ती फक्त होकार यावा म्हणून.

दुसऱ्याच दिवशी गावात जाऊन मी विहिरीच्या काठावर भाषण ठोकलं. लाखो वर्षांपूर्वी इथे दाट जंगल होतं. पाऊस आटला, झाडं विरळ झाली, गवत माजलं. फळं संपली तसा वानर खाली उतरला, दोन पायांवर उभा राहिला आणि त्याचे हात मोकळे झाले. त्या हातांनी त्याने पहिल्यांदा दगड उचलला. गावकऱ्यांनी एवढ्या सगळ्यातून एकच शब्द उचलला, वानर.

संध्याकाळच्या आत मारुतीच्या देवळातला पुजारी धोंडबा तेल-शेंदूर घेऊन आला. काठावरचा एक दगड त्याने माखला, नारळ फोडला आणि जागा देवाची झाली. आता तिथे बौद्धांची कुदळ चालणार नव्हती.

सकाळी मी पोचलो तेव्हा देवाजी दोर बांधत होता. तो म्हणाला, "छप्पन साली आमी देव सोडला, साहेब. तुमी थो विहिरीतून काहून काढून देल्ला त्याईले?"

खाली ओल लागली आहे, आज पाणी लागेल, असं बायकोला, गोपिकाला, सांगून तो उतरला.

धोंडबा चाळीसेक माणसं घेऊन आला. वर ये म्हणून त्यांनी शिव्या दिल्या. खालून कुदळीचाच आवाज येत राहिला. पहिला दगड धोंडबाने टाकला, मग सगळ्यांनी. दगड देवाजीनेच खणून काठावर रचलेले होते. विहिरीत पळायला जागा कुठली? त्याने डोक्यावर घमेलं धरलं. त्यावर दगड खणखणत राहिले, मग खणखण थांबली. तरीही ते टाकतच होते.

गोपिकाने लोखंडी सब्बल उचलून धोंडबाचा हात मोडला. तिला केस धरून फरफटवलं, पोटात लाथा घातल्या. मी मध्ये पडून, हा मारुती नव्हे, हे विज्ञान आहे, असं काहीतरी बरळत होतो. तोंडावर काठी बसली आणि माझे दोन दात तिथेच पडले. मग मी गप्प बसलो. मी भित्रा माणूस आहे.

देवाजीला दोराने वर काढलं तेव्हा खाली वीतभर पाणी लागलं होतं. ते लाल होतं. नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला.

दिवाळीच्या सुमारास कलकत्त्याहून चार ओळींचं पत्र आलं. दाढ रानडुकराची होती. झिजलेली डुकराची दाढ माणसाच्या दाढेसारखी दिसते, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवत होतो.

मी गोपिकाला सांगायला गेलो. लपवलं असतं तर झोप लागली नसती, आणि सांगूनही लागत नाही. वादातली जागा म्हणून विहिरीवर फळ्या ठोकल्या होत्या. वर शेंदूर ताजा होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तवाच डुकराची म्हनली असती साहेब, तं त्या लोकाईनं विहिरीकडं पायलंबी नसतं," ती म्हणाली.

मग कळशी घेऊन ती गावच्या विहिरीकडे गेली आणि कोणी पाणी ओतेल म्हणून बाजूला उभी राहिली.