आप्पांचा चालू मसुदा

वैजूने आप्पांचे नाव टाइप करून टॅब दाबला की ते नाव पानाच्या मधोमध सरकायचे आणि आप्पा स्वयंपाकघरात येऊन बसायचे. वडिलांना वारून दोन-तीन वर्षे झाली होती, पण पटकथेच्या सॉफ्टवेअरला त्याचे काही नव्हते. नुकतीच पटकथा लिहायला शिकलेल्या वैजूलाही नव्हते. ती ओट्यावर लॅपटॉप ठेवून लिहायची आणि आप्पा लिहिल्याबरहुकूम करायचे. चहा बशीत ओतायचे. 'साखर कमी पडली की' म्हणून ओरडायचे. इचलकरंजीत बिघडलेले यंत्रमाग लावून देण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्या खडखडाटात हळू बोलणे त्यांना कधी जमलेच नाही.

फक्त दिसेल आणि ऐकू येईल तेवढेच लिहायचे, हा पटकथेचा नियम. वैजूने एकदा हौसेने लिहिले, 'आप्पांना लेकीची फार आठवण येते.' आप्पा बंद पंख्यासारखे नुसते बसून राहिले. मग ते खोडून तिने 'आप्पा दाराकडे बघतात' असे लिहिले, आणि ते बघू लागले. त्या बघण्यात काय होते, ते तिला काही केल्या कळेना. तिच्याकडे तर ते बघतच नसत. पटकथेत लेकीचे पात्रच नव्हते. लिहिणाऱ्याने आपल्या गोष्टीत लुडबुड करू नये असे कार्यशाळेत सांगितले होते, आणि वैजू पडली आज्ञाधारक. वाटेत स्टूल असावे तसे आप्पा तिला वळसा घालून जायचे. त्यांनी एकदा मान वर करून आपल्याकडे बघावे, एवढ्यासाठी तिचा जीव तुटायचा.

अशात पुण्याच्या एका कंपनीला तिची गोष्ट आवडली. नवख्या लेखकाला असा फोन आला की त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पीडीएफ पाठवायची सोडून वैजूने थेट लिंकच पाठवली, तीही बदल करण्याच्या परवानगीसकट.

दुसऱ्या दिवशी पानावर हिरवा कर्सर आला. तो कंपनीचा सहलेखक होता, ईशान नावाचा. त्याने दृश्याच्या मथळ्यातले इचलकरंजी खोडून पुणे केले, तशी खिडकीबाहेरची गल्ली गेली आणि तिथे पार्किंग आले. मग दृश्य निम्म्याने कापले. स्वयंपाकघर एवढे आखडले की फ्रिजचे दार पुरते उघडेना. त्यानंतर तो आप्पांकडे वळला. "चहा घेणार का कुणी?" असे आप्पा बेताच्या, गोड आवाजात विचारू लागले.

वैजू ॲडव्होकेट कुलसुम मुजावर यांच्याकडे गेली. ऑफिसच्या कोपऱ्यात एक बाई वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"करारावर सही केलीय?" मुजावर मॅडमनी विचारले.

"नाही. फोनवरच बोलणं झालंय."

"मग आप्पा अजून तुमचेच आहेत. लिंक बंद केलीत?"

"केली. तो जात नाही."

"आत आलेला सहलेखक लिंक बंद करून जात नसतो, वैजयंताताई. आणि रोज बदलणाऱ्या मसुद्यावर मी भांडू कशी? मसुदा लॉक करा, पीडीएफ काढा, नोंदणी करा. मग आप्पांना कुणी हात लावणार नाही."

"मला लावता येईल?"

"नाही. लॉक म्हणजे लॉक."

वैजूने कोपऱ्यात बघितले. त्या बाईंच्या शेंगा संपत नव्हत्या.

"त्या कोण?"

"एका अशिलांची पत्नी. त्यांनी लिहिलेला मसुदा लॉक करून नोंदणी झालेली आहे. ते गुरुवारी येतात, शेजारी बसतात."

"बोलतात त्या?"

"एक वाक्य आहे. शेंगा कोवळ्या आहेत, म्हणतात."

वैजू घरी आली तेव्हा तिला अंग चोरून स्वयंपाकघरात शिरावे लागले. आप्पांच्या मिशा गेल्या होत्या. आता लॉक करण्यावाचून गत्यंतर नव्हते. पण लॉक केले की आप्पा कायमचे दाराकडे बघत बसणार, आणि दारात कुणीच नसणार. ते तिला सोसवेना. कार्यशाळा गेली खड्ड्यात, असे म्हणून तिने भराभर लिहायला घेतले. मिशा लिहिल्या, आवाज लिहिला. 'आप्पा दाराकडे बघतात. दारात वैजू उभी आहे.' त्यांच्या तोंडी एक वाक्य घातले. मग पात्र म्हणून पहिल्यांदाच स्वतःचे नाव टाइप केले आणि टॅब दाबला.

नाव मधोमध सरकले आणि वैजू दारात उभी होती. लॅपटॉप पलीकडे ओट्यावर राहिला.

आप्पांनी मान वर केली. त्यांनी तिला डोळे भरून बघितले.

"कवा आलीस गं?" ते ओरडले, चार घरांत ऐकू जाईल असे.

तिला केवढे तरी सांगायचे होते. तोंड उघडेना. तिच्या नावाखालची ओळ अजून कोरीच होती. आप्पा बशी हातात धरून उत्तरासाठी थांबले होते. ओट्यावरच्या पडद्यावर हिरवा कर्सर हलला, आप्पांच्या वाक्यावरून खाली उतरला आणि वैजूच्या नावाखाली येऊन लुकलुकू लागला.