चार मिनिटांची टाकी

“तात्या, ह्ये रगत कुनाचं हाय?” केसरीनाथांनी विचारलं.

तात्या विमानाच्या इंजिनावर वाकले होते. फोमच्या पांढऱ्याशुभ्र पंखावर तीन लाल थेंब पडले होते, आणि चौथा त्यांच्या डोळ्यांदेखत पडला. त्यांनी आधी वर पाहिलं, मग केसरीनाथांच्या हातांकडे पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा उजवा हात उलटा करून बघितला. इंजिनाला झटका देताना पंख्याच्या पात्याने पहिलं बोट चांगलं अर्धा इंच कापलं होतं. ‘मघाशी लागलं असेल’ असं म्हणून त्यांनी ते पँटला पुसलं. केसरीनाथांनी खिशातला रुमाल काढून तात्यांच्या बोटाला बांधला, आणि बांधताना तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. गाठ जरा जास्तच आवळून बघितली. तात्यांनी हूं की चूं केलं नाही.

दापोड्याला केसरीनाथांच्या गोदामापुढे सिमेंटचं मोठं आवार आहे. रविवारी सकाळी तिथे गाड्या कमी असतात. गेली अठरा वर्षं दर रविवारी हे दोघं तिथे विमान उडवत आले आहेत. एक शाळेतला प्रयोगशाळा सहायक, दुसरा जमिनीवर गोदामं उभी करून भाडं खाणारा आगरी शेठ. एरवी दोघांची गाठ पडायचं कारण नव्हतं. पण मुलगा देवेश पाचवीत असताना केसरीनाथ त्याच्या दाखल्यासाठी शाळेत आले, आणि मैदानात हा लुकडा माणूस दोन तारांच्या टोकाला विमान बांधून स्वतःभोवती गरगर फिरताना त्यांनी पाहिला. दाखला राहिला बाजूला. तेव्हापासून ते तात्यांचे शेपूटधरे झाले.

हा शब्द केसरीनाथांचाच. विमान असतं हातभर लांब, फोमच्या तावांतून कापलेलं. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांत घालून येणारे हे ताव गोदामात पोत्याने पडलेले असतात. इंजिन दीड सीसीचं, पण ओरडतं मोटरसायकलीसारखं. पितं मेथेनॉल आणि एरंडेल. ते सुरू झालं की एकाने मागे गुडघे टेकून शेपूट धरायची, आणि दुसऱ्याने तारांची मूठ घेऊन गोलाच्या मध्यावर जायचं. त्याने हात वर केला की शेपूट सोडायची. हात वर होण्याआधी सोडायची नाही आणि झाल्यावर एक क्षणही धरून ठेवायची नाही, एवढा एकच नियम. केसरीनाथांनी स्वतः मूठ एकदाच धरली होती. दुसऱ्याच फेरीला त्यांना भोवळ आली आणि एवढा आडवा माणूस विमानासकट आडवा झाला. त्यानंतर त्यांनी मुठीचं नाव काढलं नाही.

मुठीतली गंमत सांगून कळत नाही. विमान वर्तुळात फिरताना बाहेर ओढ घेतं. ती ओढ तारांमधून बोटांना कळते आणि बोटं मनगटाला विचारायच्या आत उत्तर देतात. तात्या डोळे मिटून उडवायचे. डोळे उशिरा सांगतात, असं ते म्हणायचे.

दीड वर्षापूर्वी त्यांची एक चप्पल बाजारात पायातून निसटली, ते पायाला कळलंच नाही आणि तात्या तसेच घरी आले. सुमतीबाईंना त्यांनी चोरीला गेली म्हणून सांगितलं. एकच चप्पल चोरणारा चोर कुठला, असं त्या हसून म्हणाल्या आणि विसरल्या. मग हातांच्या बोटांची टोकं बधिर झाली, मग बोटं. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखरेने नसा खाल्ल्या आहेत. आहे तेवढं राखा, गेलेलं परत येईल असं धरून चालू नका. गोळ्या दिल्या. त्या शक्तीच्या आहेत असं घरी सांगून तात्यांनी डबीत ठेवल्या. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की किती सराईतपणे बोलतो, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. वाईट मात्र वाटलं नाही. खरं सांगायचं तर हल्ली त्यांना फारसं काहीच वाटत नसे. बोटांबरोबर आतलंही काही तरी झोपलं होतं. लेक अपूर्वाला पगारवाढ झाली तेव्हा त्यांनी पेढे आणले, सासूबाई गेल्या तेव्हा खांदा दिला, आणि दोन्ही दिवशी ते सारखेच जेवले.

त्या रविवारी बोटाला रुमाल बांधूनच त्यांनी मूठ घेतली. हात वर केला, केसरीनाथांनी शेपूट सोडली, विमान उडालं. पाच फेऱ्या ठीक गेल्या, कारण तात्या डोळे फाडून बघत होते. सहाव्या फेरीला सूर्य समोर आला. तारा ढिल्या पडल्या हे केसरीनाथांना लांबून दिसलं, हातात मूठ असलेल्या माणसाला कळलं नाही. विमान आत वळलं, तात्यांच्या बोटांतून मूठ निसटली आणि ते गोदामाच्या पायरीवर दात घासत बसलेल्या एका ड्रायव्हरच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटलं.

“चाचा, मार डालोगे क्या?” तो म्हणाला. रागावलाही नाही. तोंडातला फेस थुंकला आणि पुन्हा दात घासायला लागला.

केसरीनाथांनी फोमचे तुकडे गोळा केले, इंजिन फडक्यात गुंडाळलं आणि तात्यांना गाडीत बसवलं. मानकोली नाक्याशी केसरीनाथांनी कवापासून हाय म्हणून विचारलं आणि तात्यांनी सांगून टाकलं.

“वैनींना ठाव हाय?”

“नाही.”

“आनि सव्वीस जानेवारीला शालंत उडवनार हायेस?”

“शेवटची आहे केसरी. मे महिन्यात मी रिटायर.”

“पोरां असतील तिथं, तात्या.”

तात्या खिडकीबाहेर बघत राहिले. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या परीक्षानळ्या धुतल्या होत्या. शिक्षक बदलले, मुख्याध्यापक बदलले, आणि प्रत्येकाने त्यांना ‘तात्या, जरा ते’ एवढंच सांगितलं. पण सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की चुन्याने आखलेल्या गोलाच्या मध्यावर ते एकटे उभे असत, आणि आठशे मुलांच्या माना त्यांच्या हाताबरोबर फिरत. वर्षातून चार मिनिटं. टाकीत तेवढंच इंधन मावतं. ती चार मिनिटं शेवटची एकदा मिळावीत, बाकी त्यांना काही नको होतं. हे बोलून दाखवायचं तर लहान पोरासारखं दिसलं असतं, म्हणून ते बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी केसरीनाथ तात्यांना न्यायला आले नाहीत. पण देवेशच्या टेम्पोतून फोमचे ताव आले, निवडून घेतलेले, एकही कोपरा न दबलेले. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते तात्यांना कळेना. त्यांनी आपल्या सोयीचा घेतला.

ते दुपारी शाळेतून येऊन विमान करायला बसत. ताव कापायचा, पंखात बांबूची काडी बसवायची, पुढची कड घासून गोल करायची. ही कड पूर्वी ते बोटाने तपासत. आता बोट फिरवलं काय आणि न फिरवलं काय सारखंच, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. पंख उचलून गालाला लावायचा आणि हळूच ओढायचा. खडबड असली की गालाला कळे. सुमतीबाईंनी चहा आणताना हे पाहिलं. त्यांना वाटलं, नवरा निवृत्तीमुळे हळवा झाला. तेलकट कपडे धुण्यापलीकडे विमानांशी त्यांनी कधी नातं ठेवलं नव्हतं. पण त्या दिवशी त्या म्हणाल्या की या सव्वीस जानेवारीला मीही येते बघायला, शेवटचं आहे तुमचं. तात्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरून नीट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ये की.

सव्वीस जानेवारीला केसरीनाथ वेळेवर हजर होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला छोटा झेंडा. काही घडलंच नसल्यासारखं त्यांनी तात्यांकडून विमान घेतलं, तारा उलगडल्या, पंख निरखला आणि चांगला झालाय म्हणाले. मुलं चुन्याच्या रेषेबाहेर बसली होती. पहिलीची मुलं लहान म्हणून पुढे बसवली होती, त्यांच्या मांड्या रेषेवर आल्या होत्या. मुख्याध्यापिका विनिता मॅडमनी माईकवरून तात्यांच्या सेवेबद्दल चार शब्द सांगितले. सुमतीबाई शिक्षिकांच्या ओळीत खुर्चीवर बसल्या होत्या. जांभळी साडी नेसल्या होत्या, ठेवणीतली.

तात्यांनी या वेळी लाकडी दांडीने पंखा फिरवला. इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं. मुलांनी कानांवर हात ठेवले. केसरीनाथ गुडघे टेकून बसले आणि त्यांनी शेपूट धरली. तात्या मध्यावर चालत गेले, मूठ उचलली, ती नीट धरली आहे का हे डोळ्यांनी दोनदा पाहिलं आणि डावा हात वर केला.

विमान हललं नाही.

त्यांना वाटलं, केसरीचं लक्ष नसेल. त्यांनी हात आणखी ताणला. केसरीनाथ सरळ त्यांच्याकडेच बघत होते. अठरा वर्षांत कधी न केलेली गोष्ट ते करत होते, आणि ती चुकून होत नव्हती हे तात्यांना पन्नास फुटांवरून कळलं. इंजिन ओरडत होतं. एरंडेलाचे शिंतोडे केसरीनाथांच्या पांढऱ्या शर्टावर उडत होते, गळ्यापासून पोटापर्यंत शर्ट काळा व्हायला लागला होता. तरी त्यांनी शेपूट सोडली नाही.

एक मिनिट गेलं. मुलांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या मिनिटाला टाळ्या थांबल्या. विनिता मॅडम काही तरी विचारत होत्या, ते ऐकू येत नव्हतं. तात्यांना हात खाली घेता आला असता. इंजिन बंद कर म्हणून खूण करता आली असती. पण हात खाली घेतला की आपलं विमान उडवणं संपलं, आणि वर आहे तोवर संपलेलं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. म्हणून ते हात वर करून उभे राहिले. राग यायला हवा होता. त्यांनी वाट पाहिली, तो आला नाही. रेषेवर बसलेल्या पहिलीतल्या एका मुलीच्या रिबिनीकडे मात्र त्यांची नजर गेली. ती सुटून गोलाच्या आत आली होती आणि मुलगी ती घ्यायला रेषा ओलांडून रांगत होती. वर्गाच्या बाईंनी तिला फ्रॉकला धरून मागे ओढलं. तात्यांनी ते सगळं पाहिलं.

मग इंजिन खोकलं, आणखी एकदा ओरडलं आणि बंद पडलं. मैदानात एकदम इतकी शांतता झाली की झेंड्याची दोरी खांबावर आपटलेली ऐकू आली. तात्यांनी हात खाली घेतला.

केसरीनाथ उठून उभे राहिले. विनिता मॅडम माईक हातात घेऊन लगबगीने आल्या तसे ते पुढे झाले आणि म्हणाले की माजी चूक झाली, माजे हात आखडले, सुटले न्हायत. एवढं बोलून ते तात्यांकडे न बघता शर्ट झटकू लागले. तेल झटकून जात नाही हे त्यांना तात्यांइतकंच माहीत होतं.

गोष्ट तिथे मिटली असती. मॅडमनी ‘काही तांत्रिक कारणामुळे’ म्हणायला सुरुवातही केली होती. माईक चालू होता, तात्यांना त्याचा हिरवा दिवा दिसत होता.

“मॅडम, त्याची चूक नाही,” ते म्हणाले. “इंजिनही ठणठणीत आहे. माझ्या बोटांना काही कळत नाही. दीड वर्ष झालं हे सुरू होऊन. मी उडवायला नकोच होतं.”

ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. लाज वाटेल असं त्यांना वाटलं होतं. ती वाटली नाही. हायसंही वाटलं नाही. बोलून झालं, इतकंच. मॅडमनी माईक बंद केला आणि हळू आवाजात शिक्षकांना खाऊ वाटायला सांगितलं. मुलं उठली. केसरीनाथ विमान काखेत मारून तारा गोळा करायला लागले.

सुमतीबाई खुर्चीवरून उठल्या आणि साडीचा घोळ सांभाळत, चुन्याची रेषा ओलांडून मध्यावर आल्या. त्या काही बोलतील म्हणून तात्या थांबले. त्यांनी तात्यांच्या हातातून मूठ काढून खाली ठेवली आणि त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. करंगळीच्या टोकावर नख रोवलं.

“इथे?”

“नाही.”

त्या पुढच्या बोटावर गेल्या, मग त्याच्या पुढच्या. एकेक करत अंगठ्यापर्यंत आल्या. मग तळहात. प्रत्येक ठिकाणी त्या तेच विचारत होत्या आणि तात्या तेच सांगत होते. मनगटाशी आल्या तेव्हा तात्यांचा हात किंचित मागे आला.

“इथे कळतं,” ते म्हणाले.

सुमतीबाईंनी नख मागे घेतलं.

“आई गेली तेव्हा,” त्या म्हणाल्या, “नारपोलीहून येताना रिक्षात सगळी वाट मी तुमची बोटं धरून बसले होते.”

तात्यांनी आठवून पाहिलं. रिक्षा आठवली, पुलाखालची गर्दी आठवली. आपण बाहेर बघत होतो तेही आठवलं.

“हो?” ते म्हणाले.

सुमतीबाईंनी मान हलवली. मग त्यांनी मनगटावरची पकड नीट केली आणि तसंच धरून त्यांना खुर्च्यांकडे घेऊन गेल्या.