नऊपैकी आठ

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात, पण या घरातल्या थोरल्या सुनेला पगारच वासे मोजण्याचा मिळत होता. शहरभर दुकानं असलेल्या एका फास्ट फूड कंपनीत ती पदार्थ चाखण्याचं काम करायची. सासऱ्यांनी तिचं नाव ठेवलं होतं चाखणकरबाई. ते घरात इतकं रुळलं की नवराही चिडला की तिला त्याच नावाने हाक मारायचा.

कंपनीच्या महागड्या पदार्थांशी तिचा संबंध नव्हता. तिच्या वाट्याला यायची ती दुकानातल्या दरफलकाच्या तळाशी लिहिलेली स्वस्ताई: छोटा बर्गर, फ्राइज, पाणचट कॉफी. अरुंद कप्प्यात बसायचं. वर लाल दिवा, कारण रंग दिसला की जीभ डोळ्यांचं ऐकते. समोरच्या झडपेतून तीन बशा सरकवल्या जायच्या. दोन बशांत एकच पदार्थ, तिसरीत थोडा बदललेला. त्यातली वेगळी बशी ओळखायची, प्रत्येकीला नऊपैकी गुण द्यायचे, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि पुढच्या तीन बशा ओढायच्या. नव्याने येणाऱ्यांना ही नोकरी सोन्याहून पिवळी वाटायची, फुकट खा आणि वर पगार घ्या. महिन्याभरात त्यांना बर्गरच्या वासानेही उमासे यायचे. चाखणकरबाई मात्र टिकली. रूप बेताचं, शिक्षण बेताचं, माहेर तर अगदीच बेताचं. देवाने सढळ हाताने दिली होती ती एक जीभ. तिचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

सासऱ्यांची हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. पगाराच्या दिवशी ते बायकोला घेऊन याच कंपनीच्या दुकानात जायचे आणि दोघं एकेक छोटा बर्गर खायचे. सॉस हमखास त्यांच्या मिशीला लागायचा आणि सासूबाई चारचौघांत रुमालाने मिशी पुसून द्यायच्या. पुढे एकदा घरचे सगळे बरोबर असताना तिथेच सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘आज काही लागत नाही हो.’’ सगळे हसले. तोंडाची चव गेली ती गेलीच, मग भूक गेली, मग डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचं नाव घेतलं. पुढचा उन्हाळा काही त्यांनी पाहिला नाही.

त्यानंतर दर शनिवारी सून छोटा बर्गर घरी आणू लागली. सासरे तो मन लावून खायचे आणि तिच्याच थाटात गुण द्यायचे. नेहमी आठ. नववा का नाही, म्हणून तिने एकदा विचारलं, तर म्हणाले, एक गुण तुझ्या सासूसाठी राखून ठेवलाय. मिशी पुसायला ती कुठे आहे? हा विनोद ते दर शनिवारी करायचे आणि ती दर शनिवारी हसायची.

मग धाकट्या मुलाकडे बाळ झालं आणि सासरे तिकडे गेले. चार दिवसांसाठी गेलेले आजोबा नातवाच्या मागे दीड-दोन वर्षं अडकले. त्या गावात या कंपनीचं दुकान नव्हतं. परत आले ते फोनवर बजावूनच, की आधी माझा बर्गर, मग तुमचा चहा.

सून कामावरून येताना गरमागरम बर्गर घेऊन आली. सासऱ्यांनी कागद उलगडला, मोठा घास घेतला आणि बराच वेळ चघळत राहिले. मग त्यांनी बर्गर खाली ठेवला.

‘‘सूनबाई, आज काही लागत नाही गं.’’

तेच शब्द. नवऱ्याचा हात पाण्याच्या ग्लासावरच थांबला.

तेव्हा तिने गप्प बसायला हवं होतं. निदान ‘आज जरा बिघडला असेल’ एवढं तरी म्हणायचं. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण तिची त्या संध्याकाळी हाड असल्यासारखी ताठ होती. तिने दुसऱ्या बाजूने तुकडा तोडला, तोंडात घोळवला. सात गुणांचा बर्गर, कामावर लागतो तसाच.

‘‘बाबा, हा मी दर आठवड्याला चाखते. कणभर फरक असता तर आधी मला कळला असता. बर्गर तोच आहे.’’

सासऱ्यांनी मान हलवली. चाखण्याच्या बाबतीत आमची सून देवालाही खोटं सांगणार नाही, असं तेच आल्यागेल्याला ऐकवायचे. त्यांच्या सख्ख्या भावजयीने हौसेने केलेला केक करपलाय, हे तिने भावजयीच्या तोंडावर सांगितलं होतं. ती म्हणते बर्गर तोच, म्हणजे बिघडली ती आपली जीभ. आणि जीभ बिघडली की पुढे काय होतं, ते त्यांनी एकदा जवळून पाहिलं होतं.

त्या दिवसापासून ते प्रत्येक घासाला विचारू लागले, भाजीत मीठ आहे का, चहात साखर घातलीस का. ती म्हणायची, आहे. त्यांना ते कमीच वाटायचं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही, खाऊ घाला म्हणाले. पण भीती पोटात शिरली की अन्नाला जागा उरत नाही. आधी जेवण अर्ध्यावर आलं, मग दुधात भिजवलेला पाव, मग नुसतं दूध. सदऱ्याच्या गळ्यात त्यांची मान लोंबू लागली. नवरा समजावून थकला, ओरडून थकला, शेवटी दाराआड जाऊन रडला. एका सकाळी सासऱ्यांनी लिफ्टच्या कामाचे आपले पाने आणि पकडी तेल लावून पुसल्या आणि कामावरच्या जुन्या जोडीदाराला बोलावून देऊन टाकल्या.

अशातच कामावर केक कापला गेला. साहेब खुशीत होते. छोटा बर्गर किती स्वस्तात बनू लागला, ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं: पॅटीत मांस कमी करून पीठ वाढवलं, भाजलेल्या कांद्याऐवजी कांद्याची पूड आली, पावातलं लोणी गेलं, मसाला निम्म्यावर आला. हे सगळं दोनेक वर्षांत, इतक्या छोट्या पायऱ्यांनी, की कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मग चाखणकरबाईकडे वळून ते कौतुकाने म्हणाले, ‘‘यांच्यासारख्या जिभेला एकदाही कळलं नाही. आणखी काय हवं?’’

टाळ्या वाजल्या. तिच्या हातातला केक तसाच राहिला. ती उठून मागच्या खोलीत गेली, जिथे नमुनेवाली बशा भरून झडपेतून सरकवायची.

‘‘मूळचा बर्गर ठेवलेला असेल ना? एकच हवाय.’’

‘‘कुठला मूळचा?’’ नमुनेवालीने विचारलं. ‘‘मागच्या खेपेला जो पास होतो, तोच पुढच्या खेपेला मूळ म्हणून बशीत येतो. पहिला कधीच संपला, बाई.’’

म्हणजे ती कधी खोटं बोलली नव्हती. दरवेळी तिने आजचा कालच्याशी ताडून पाहिला होता, आणि आजचा कालच्यासारखाच होता. थेंबे थेंबे तळे साचे, हे शाळेत शिकवतात. ते तसंच आटतंही, हे कुणी शिकवत नाही. काठावर रोज बसणारीला दिसलं नाही. दोन वर्षांनी आलेल्या म्हाताऱ्याला एका घासात कळलं, आणि तिने त्याला सांगितलं की तू चुकतोस. लाज वाटली तिला, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. ती तशीच घरी निघाली. वाटेत तिने एक छोटा बर्गर घेतला, पुरावा म्हणून.

सासरे उशीला टेकून बसले होते. तिने पलंगाशी बसून सगळं सांगितलं, पीठ, कांदा, लोणी, मसाला, काही गाळलं नाही. तुमची जीभ शाबूत आहे बाबा, म्हणाली, माझीच आंधळी झाली. सासऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

‘‘चाखण्याच्या बाबतीत तू कधी खोटं बोलली नाहीस, सूनबाई. आज बोललीस, तेही माझ्यासाठी.’’

तिने शपथा घेतल्या. साहेबांना फोन लावून देते म्हणाली. ती जितकं पटवू गेली, तितके त्यांचे डोळे मायेने भरून आले. तिला रडू फुटलं, तेव्हा त्यांनी स्वतःहून बर्गर मागून घेतला, एक घास तोडला आणि कष्टाने चावून गिळला.

‘‘लागतोय की आज. मस्त आहे.’’

सॉस मिशीला लागला होता. तिने रुमाल पुढे केला, तर त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला सारला.

‘‘राहू दे. ती पुसेल.’’ आणि म्हणाले, ‘‘नऊपैकी नऊ दे याला.’’

मग ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. ती उरलेला बर्गर हातात घेऊन बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने एक घास घेतला, सावकाश तोंडात घोळवला, हरवलेला कांदा शोधला, लोणी शोधलं. तिला काहीच कमी लागेना. सात गुणांचाच लागत होता.