मॉरिशससाठी भरलेली बॅग

मी एक जुनी बॅग आहे, उंटाच्या कातड्याची, दोन पितळी कड्यांची. मित्रांनो, तुम्हाला चाकांवर पळणाऱ्या बॅगांची सवय आहे. माझ्या काळी बॅग उचलायची असे, ओढायची नसे.

कैरोतल्या एका अंधाऱ्या कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिराने मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवलं आणि विकण्यासाठी पोर्ट सईदला पाठवलं. तिथे मी वगीहच्या हाती आले. वगीह सुएझ कालव्यावर होडीतून व्यापार करायचा. मोठी जहाजं कालव्याच्या तोंडाशी थांबली, की तो होडी त्यांच्या अंगाला नेऊन लावी आणि खालूनच खलाशांना हाका मारी. दोरीच्या टोपलीतून माल वर जाई. तो सात भाषांत घासाघीस करी आणि त्यातली एकही त्याला नीट येत नसे.

एका जहाजावरच्या आचाऱ्याला मी फार आवडले. तो मॉरिशसचा होता. भाव पाडता पाडता तो आपल्या बेटाचं वर्णन करत राहिला. तिथे ऊस थेट समुद्रापर्यंत येतो, गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी आपली पावलं दिसतात, असं त्याने सांगितलं. वगीहने जन्मभर तेलाचा तवंग असलेलं पाणी पाहिलं होतं. तो ऐकतच बसला. तेवढ्यात जहाज हललं आणि सौदा राहून गेला.

त्या दिवशी वगीहने मला घरी आणून बायकोपुढे ठेवलं.

"ही विकायची नाही," तो म्हणाला. "आपण मॉरिशसला जाऊ तेव्हा लागेल."

"ते कुठे आलं?" इन्साफने विचारलं.

"कालव्यातून खाली, मग सरळ. आख्खा देश बेटावर आहे."

"आधी बाजारात जा. घरात तांदूळ नाही."

माझी उमेदीची वर्षं मात्र होडीतच गेली. तांब्याच्या थाळ्या, चामड्याचे छोटे उंट, रंगीत दिवे, सगळं माझ्या पोटातून जहाजावर गेलं. खलाशी मला थोपटून म्हणायचे, "ही विक की." वगीह मान हलवायचा. दर शुक्रवारी नमाजाहून आला, की तो फडक्याने मला तेल लावायचा. माझं अंग तेव्हा खजुरासारखं चमकत असे.

मॉरिशस दर वर्षी पुढे जाई. मुलगा झाला, रामी. मग त्याची शाळा, त्याचं इंजिनियरिंग, त्याचं लग्न. पुढे जहाजंही होड्यांना जवळ येऊ देईनाशी झाली. वगीहचा धंदा बसला. मी कपाटावर गेले. माझ्यात हिवाळ्याची पांघरुणं कोंबली. एका उंदराने माझा कोपरा कुरतडला. मला तेल लावायची आठवण कोणालाच राहिली नाही.

रामी कुवेतला गेल्यावर घर रिकामं झालं. मग एके दिवशी इन्साफनेच स्टूल घेऊन मला खाली काढलं.

तेव्हापासून त्यांची संध्याकाळ गॅलरीत जाई. पुढ्यात चहा आणि भाजलेल्या बिया. दोघं बेत करत.

"तिथे मासे काय मस्त मिळतील," वगीह म्हणायचा.

"इथे मिळत नाहीत का? मी तिथे एकही मासा साफ करणार नाही. कोणीतरी दुसरं करेल आणि मी बसून बघेन."

तिने त्याच्यासाठी लाल फुलांचा सैलसर सदरा शिवला. तो अंगाला लावून वगीह म्हणाला, "हा घालून इथे फिरलो तर पोरं मागे लागतील."

"म्हणूनच तिथे घालायचा."

पासपोर्ट आले. तिकिटं निघाली. आणि त्याच सुमारास वगीह विसरू लागला. आधी मशिदीहून घरी यायची वाट विसरला. मग स्वयंपाकघर कुठे आहे ते. मग फोनवर बोलणारा रामी कोण, तेही. डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हटलं.

"आई, तिकिटं रद्द कर," रामी फोनवर म्हणाला. "बाबांना आता पोर्ट सईद काय आणि मॉरिशस काय."

"तू सोबत ये. मी नेते त्यांना."

"रजा नाही गं मिळत."

तिने तिकिटं रद्द केली. वगीहला तिने नीट समजावून सांगितलं. तो ऐकून रडला, आणि दुसऱ्या दिवशी उठून मला भरू लागला. बाकी सगळं त्याच्या डोक्यातून गेलं, पण मॉरिशस गेलं नाही. रोज सकाळी तो सदरा, टॉवेल आणि चपला माझ्यात ठेवून रामीच्या आईला विचारायचा, "उम्मू रामी, निघायचं ना?" ती म्हणायची, "उद्या." संध्याकाळी ती मला रिकामी करायची. इतकं हाताळणं होऊनही मला कधी एवढं एकटं वाटलं नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका सकाळी घरात बादलीभरच पाणी होतं, वगीहने अंथरूण ओलं केलं होतं आणि इन्साफचे गुडघे सुजले होते. त्याने मला दाराशी आणून ठेवलं आणि पुन्हा तेच विचारलं. मग पुन्हा विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," ती चादर पिळत म्हणाली. "मी येते मागून."

ती चादर वाळत घालायला गच्चीवर गेली. वगीहने दार उघडलं.

तो मला घेऊन फेरीबोटीच्या धक्क्यावर आला. ही बोट कालवा ओलांडून पलीकडच्या पोर्ट फुआदला जाते. सब्री नावाचा, बोटीचा दोर बांधणारा माणूस तिथे उभा होता.

"हाज," त्याने म्हाताऱ्यांना आदराने मारतात तशी हाक मारली, "एवढी मोठी बॅग घेऊन कुठे?"

"मॉरिशसला."

"मग चढा लवकर. आम्ही तिथेच चाललोय."

लोक हसले. वगीहही हसला. बोटीत शेजारी बसलेल्या प्रत्येकाला तो सांगत होता, की बायको मागच्या बोटीने येते आहे. एका बाईने त्याला बिस्किटं दिली. कोणीही विचारलं नाही, की हाज, घर कुठे तुमचं?

उतरल्यावर तो चालत राहिला. घरं संपली. पुढे मिठागरं लागली, मिठाचे पांढरे ढीग आणि त्यांच्यामागे समुद्र. त्याने मला खाली ठेवलं, उघडलं, फुलांचा सदरा अंगात घातला आणि माझ्यावर बसला. सावली कुठेच नव्हती. त्याचं ओझं मला हळूहळू जास्त जाणवू लागलं. एकदा तो म्हणाला, "तहान लागली." ऊन डोक्यावर येईपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग माझ्यावरून घसरून मिठात आडवा झाला. मित्रांनो, बॅगेला हाक मारता येत नाही.

दुपार कलल्यावर मिठाच्या ट्रकच्या ड्रायव्हरला तो दिसला. त्याने घाईघाईने इस्पितळात नेलं, पण वगीह वाटेतच गेला होता.

रामीला तेव्हा रजा मिळाली. तो आला, रडला, आणि म्हणाला, "ही बॅग आधी फेकून दे." इन्साफने मला हात लावू दिला नाही.

दुखवट्याच्या तिसऱ्या दिवशी सब्री आला. अशा वेळी देतात त्या बिनसाखरेच्या कॉफीचा पेला त्याच्या हातात तसाच राहिला.

"मीच बसवलं त्यांना बोटीत," तो म्हणाला. "मला वाटलं, हाज गंमत करतायत."

इन्साफने पेला त्याच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मी त्यांना पुढे व्हायला सांगितलं. मलाही वाटलं, ते जाणार नाहीत." आणि तिने विचारलं, "बोटीत कसे होते ते?"

"खुशीत होते. सगळ्यांशी बोलत होते."

"काय बोलत होते? बस. पहिल्यापासून सांग."

त्याने सांगितलं. संपल्यावर तिने पुन्हा सांगायला लावलं.

आता मी दाराशी पडून असते. माझ्या शिवणींत मीठ बसलं आहे. मीठ कातड्याला खातं, पण इन्साफ ते पुसत नाही आणि कोणाला पुसू देत नाही. माझे फार दिवस उरलेले नाहीत. माझ्यासाठी मी काही मागत नाही. पण मित्रांनो, एखादा म्हातारा माणूस एकटाच ओझं घेऊन निघालेला दिसला, तर हसू नका. त्याच्याशेजारी बसा, त्याला पाणी द्या, आणि घरी कोण वाट बघतंय ते विचारा. आणि तुमच्या घरातलं कोणी रोज तोच प्रश्न विचारत असेल, तर हातातली चादर खाली ठेवून उत्तर द्या.