उजव्या हाताचं बटण

२००८च्या थंडीत मखमलाबादच्या हर्षालीने इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून व्हिडिओ गेम बनवायला घेतला. कॉलेजातून तिला एफपीजीएचा बोर्ड मिळाला होता. त्यावरच्या चिपच्या पोटातली जोडणी संगणकावर लिहून हवी तशी बदलता यायची. खेळ साधाच होता. चेंडू खाली आला की पट्टी डावी-उजवीकडे सरकवून तो परतवायचा.

बाजारातला कंट्रोलर मात्र तिला नको होता. तिचे वडील शेखर विहिरींवरचे मोटर-स्टार्टर दुरुस्त करणारे वायरमन. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला, बोलणंही तुटक झालं. फिजिओथेरपीच्या सृष्टी मॅडमनी दिलेला रबरी चेंडू दाबायचा त्यांना भारी कंटाळा.

हर्षालीने फळकुटावर स्टार्टरची दोन मोठी बटणं डाव्या हाताशी बसवली आणि वायरी बोर्डाला जोडल्या. शेखरनी एका बटणावर बोट ठेवलं.

"हे... इकडं," त्यांनी उजवी बाजू दाखवली.

"पप्पा, त्या हाताने दाबलं जाईल का?"

"मूठ हाय ना."

तिने बटण हलवलं. शेखरनी खांद्यातून हात उचलून मूठ त्यावर टाकली. पट्टी एकच घर सरकायला हवी होती, ती चार घरं उडाली. पुन्हा तेच. हर्षालीने वायरी तपासल्या, सोल्डरिंग नव्याने केलं, लिहिलेलं सगळं दोनदा वाचलं. शेवटी वैतागून म्हणाली, "बटणंच खराब आहेत."

शेखरनी फळकूट कानाशी नेलं आणि डाव्या अंगठ्याने बटण दाबलं.

"खराब नाय. आतली पत्ती आपटते... उडते... मग बसते. मोटरला नाय कळत. तुझ्या चिपला कळतं."

आता हर्षालीच्या लक्षात आलं. चिप सेकंदात लाखो वेळा बटण तपासत होती आणि पत्तीची प्रत्येक उडी वेगळी मोजत होती.

"मग काय करू?"

"थांब म्हण तिला. जरासं."

सेकंदाचा पन्नासावा भाग बटण स्थिर राहिलं तरच ते दाबलं असं धर, असं तिने लिहिलं. या वेळी मूठ पडली आणि पट्टी एकच घर सरकली. शेखर आठ महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसले.

हर्षालीची आई छाया झेंडू तोडून घरी आली, तेव्हा नवरा मॉनिटरसमोर घामाघूम बसला होता.

"अहो, जेवताय ना?"

"थांब. सतरा झालेत."

मग रोजचंच झालं. होळीपर्यंत मुठीतून तर्जनी सुटी झाली आणि ते त्या बोटाने बटण दाबू लागले. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "बटणाची ही युक्ती कोणत्या पुस्तकातली?"

"वडिलांनी सांगितली, सर."

सृष्टी मॅडमनी दवाखान्यासाठी असे दोन कंट्रोलर मागितले. फळकुटांना भोकं पाडायचं काम शेखरनी स्वतःकडे घेतलं. उजव्या हाताने फळकूट दाबून धरायचं आणि डाव्याने ड्रिल चालवायचं. पहिलं भोक जरा तिरकं पडलं. दुसरं सरळ आलं.