विहिरीत न विझलेला कंदील

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. काच तडकलेली, कडी वाकलेली आणि स्वभाव थोडा फटकळ. पहूरच्या धुरपदाबाईंनी मला आठवडी बाजारातून आणलं, तेव्हा मात्र मी असा चकचकीत होतो की शेजारणी वळून बघायच्या.

घरात उजेड देणं हे माझं फुटकळ काम. खरं काम केळीच्या मळ्यातल्या विहिरीत. माणसाआधी दिवा उतरवायचा, अशी त्या घराची जुनी शिकवण होती. खाली आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, राहतात आणि त्या दिवा पितात, असं धुरपदाबाई सांगत. मला दोरीने खाली सोडायचे. मी पेटलेला वर आलो, तरच माणूस उतरायचा.

कधी कधी मी तिथे मेलोही आहे. खरंच सांगतो! वारा नाही, वास नाही, पाण्याचा थेंब नाही. ज्योत नुसती बारीक होत जायची आणि अंधार काचेच्या आत यायचा. त्या दिवशी कुणी उतरत नसे. धुरपदाबाई राखेने माझी काच पुसत आणि मला लेकरू म्हणत. मला फार बरं वाटायचं.

पुढे बोअर झाली. विहिरीवर पत्रे पडले. धुरपदाबाईंचा मुलगा लीलाधर पिंप्राळ्यात राहायला गेला. त्याची बायको कुंदाबाई मोठी हौशी. तिने मला रंग दिला, वात काढून बॅटरीवरचा बल्ब बसवला आणि ओट्यावर टांगलं. पाहुणे कौतुक करत. मी विझायचं विसरून गेलो.

मग एका उन्हाळ्यात बोअर आटली. केळीने माना टाकल्या. लीलाधर जुनी विहीर उघडायला निघाला. घरची शिकवण तो विसरला नव्हता, बरं का. मला मुद्दाम सोबत नेलं; धुरपदाबाईही विहिरीच्या काठावर येऊन बसल्या. भर दुपारी माझा खटका दाबून त्याने मला खाली सोडलं.

पत्र्यांच्या फटीतून शिरलेले पारवे तळाजवळच्या कपारीत बसले होते. मी अगदी जवळून गेलो, तरी एकही उडाला नाही. माझ्या उजेडात त्यांचे उघडे डोळे चमकले. खाली तीच बिनवासाची शांतता होती. मी ती लगेच ओळखली आणि विझायची वाट पाहू लागलो.

मी विझेना. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

"दिवा तं जयी राह्यला, माय! इझला नही. उतरतो मी," वरून लीलाधर म्हणाला. त्याचा पाय पहिल्या पायरीवर आला. मला ओरडता येत नव्हतं.

"थांब रे!" धुरपदाबाईंचा आवाज आला. त्यांना आता नीट दिसत नसे. "त्याच्यात वात हाये का?"

"बल्ब हाये, माय."

"मंग तो कसा विझीन? त्याले हवा लागत नही. तुले लागते!"

त्यांनी पदराची चिंधी फाडून रॉकेलमध्ये भिजवली, डब्यात पेटवली आणि दोरीने खाली सोडायला लावली. डबा माझ्या शेजारी येऊन थांबला. ज्योत वाकली, बारीक झाली आणि गेली. मी तिच्या बाजूला तसाच लख्ख जळत राहिलो.

त्या दिवशी लीलाधर उतरला नाही. त्याने आम्हा दोघांना वर ओढून घेतलं.

मित्रांनो, आता मी पुन्हा पिंप्राळ्याच्या ओट्यावर आहे. जुन्या माणसांचं सांगणं जरूर सांभाळा, पण त्यातली वात काढून सांभाळू नका. आणि कुणीतरी एवढं करा: माझ्यातला हा बल्ब काढा, मला रॉकेल आणि वात द्या. ती विहीर अजून उघडीच आहे. मला पुन्हा विझता आलं पाहिजे.