रेघेचे पहिले टोक

वहिनींचा विभाग विद्यापीठाने बंद केला, तेव्हा निरोप समारंभात त्यांना पुष्पगुच्छ देण्यात आला; कापलेल्या फुलांचा, हे औचित्याला धरूनच होते. जुन्या हस्तलिखितांच्या प्रती ताडून मूळ पाठ कोणता आणि नक्कलनवीसाची डुलकी कोणती, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली होती. या विद्येची आता गरज उरलेली नाही, असा निष्कर्ष ज्या अहवालाने काढला, त्यात एकच परिच्छेद दोनदा छापला होता. वहिनींनी त्याला तांबडी खूण करून अहवाल साभार परत पाठवला आणि कॅमेरा घेऊन गच्ची गाठली.

गच्चीवरून त्या उपग्रह टिपत. सूर्य मावळला की खाली काळोख होतो, पण वर खूप उंचीवर ऊन शिल्लक असते. त्या उन्हात चमकत जाणारा उपग्रह, तिवईवरच्या कॅमेऱ्याची झडप थोडा वेळ उघडी ठेवली, की ताऱ्यांमधून ओढलेल्या रेघेसारखा उमटतो. ताऱ्यांच्या जागा ठाऊक असल्याने रेघेचीही जागा काढता येते. खोट एकच. आपण कुठल्या टोकाकडून निघालो, हे रेघ सांगत नाही. म्हणून झडप उघडताच भिंगापुढे क्षणभर पुठ्ठा धरायचा; रेघ तिथे तुटते, आणि आखूड तुकड्याची बाजू ती सुरुवात. पुठ्ठा धरण्याचे काम नवऱ्याकडे होते. संसारात त्याला दिलेली ही पहिलीच वैज्ञानिक जबाबदारी.

त्या सकाळी धाकटी नणंद चपला न काढताच स्वयंपाकघरात आली. चपलांच्या खोक्याएवढा एक उपग्रह तिने आणि तिच्या सोबत्यांनी कित्येक वर्षे खपून बांधला होता. एकाच रॉकेटातून इतर अनेकांबरोबर तो वर गेला आणि मुका झाला. तिच्या संस्थेची मोठी अँटेना उपग्रहांच्या मार्गांच्या जाहीर यादीतल्या आकड्यांप्रमाणे आकाशात फिरे. त्या अँटेनेला काही ऐकू येत नसे. उपग्रह गमावल्याचे घोषित करायला संस्थेची समिती उतावीळ झाली होती. यश मिळाले तर पुढे काम करावे लागते. अपयशाचा मात्र समारोप करता येतो.

"आज संध्याकाळी शेवटचं ऐकायचं," नणंद म्हणाली. "उद्यापासून अँटेना दुसऱ्यांना. आणि वहिनी, तू गच्चीवरून काढलेला रेघेचा फोटो मी समितीपुढे ठेवला. हसले सगळे."

"काय म्हणून?"

"रेघेतल्या चमका माझ्याच उपग्रहाच्या आहेत, दोन ठळक, एक फिकी. दोन मोठे पंख, एक छोटा, गरगरतोय बिचारा. पण तू काढलेल्या दिशेने बघितलं तर तो उलटा चाललाय. दक्षिणेकडून उत्तरेला. त्या रॉकेटातलं काहीच तसं जात नाही. अध्यक्ष म्हणाले, वहिनींनी फोटो उजवीकडून डावीकडे वाचला असेल."

वहिनींचा चेहरा शांत झाला. ही शांतता पाहून पूर्वी पीएच.डी.चे विद्यार्थी रजेवर जात. त्यांनी फोटो पुन्हा पडद्यावर आणला. आखूड तुकडा दक्षिणेलाच होता.

नवरा बराच वेळ चहा ढवळत होता. साखर केव्हाच विरघळली होती.

"पुठ्ठा सुरुवातीलाच धरायचा असतो का?" त्याने विचारले.

दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिले.

"नाही म्हणजे, त्या दिवशी मला शिंक आली. सुरुवात हुकली. म्हटलं, झाकायचं तर आहेच, म्हणून शेवटी झाकलं. अगदी मनापासून झाकलं."

"दादा!" नणंद किंचाळली. "अख्खी समिती हसली रे माझ्यावर!"

"अहो," वहिनी थंडपणे म्हणाल्या, "तुमच्याइतका प्रामाणिक नक्कलनवीस माझ्या पाहण्यात नाही. गळलेली ओळ पानाच्या तळाशी लिहून मोकळे."

पण त्यांची बोटे चालू लागली होती. टोके उलटी केल्यावर रेघ उत्तरेकडून दक्षिणेला आली, दिशा जुळली. नणंदेच्या उपग्रहाच्या नावावर जाहीर झालेला मार्ग मात्र अजूनही जुळेना. वहिनी हट्टाने त्याच रॉकेटातल्या एकेकाचा मार्ग ताडत गेल्या, आणि एक तंतोतंत बसला.

"हा कोण?"

"तो? वजन भरायला पाठवलेला ठोकळा. नुसतं लोखंड."

"तुझ्या नावावर ठोकळ्याचा मार्ग आहे आणि ठोकळ्याच्या नावावर तुझा. यादी करणाऱ्या पहिल्याने नावांची अदलाबदल केली, बाकीच्यांनी इमानाने उतरवून घेतली. ठोकळ्याच्या तब्येतीची चौकशी करायला कोण जातंय?"

"मग इतके दिवस आम्ही..."

"लोखंडाशी गप्पा मारत होतात. समितीला सवय असेल."

नणंद तशीच धावत सुटली.

संध्याकाळी वहिनी गच्चीवर होत्या. पश्चिमेला अजून फिकट उजेड होता आणि फोन कठड्यावर ठेवला होता. पलीकडून नणंदेचा आवाज आला, "अँटेना ठोकळ्याच्या मार्गावर लावलीय. अध्यक्ष हसतायत अजून."

"हसू दे. अहो, शिंकून घ्या आधी."

"शिंकलो."

उत्तरेकडून एक ठिपका निघाला आणि झडप उघडली. पुठ्ठा वेळेवर आला आणि वेळेवर गेला. ठिपका चमकत वर चढला: ठळक, ठळक, फिका. फोनमधून नुसती खरखर येत होती. ठिपका माथ्यावर आला. खरखर चालूच होती. मग त्या खरखरीतून काहीतरी टोचल्यासारखे वर आले, थांबले, पुन्हा आले.

"वहिनी!" नणंद हसत होती की रडत होती, कळेना. "बोलतोय गं! बॅटरी अर्धी आहे, पण बोलतोय! अध्यक्ष विचारतायत, निवेदनात काय लिहायचं?"

"म्हणावं, काहीही लिहा. छापण्याआधी माझ्याकडे पाठवा."

फोन बंद झाल्यावर त्या कठड्याला टेकून क्षणभर उभ्या राहिल्या. त्या रॉकेटातले आणखी किती जण परक्या नावाने हिंडत असतील, कोण जाणे. कुणाला तरी बसून सगळ्या प्रती ताडाव्या लागणार होत्या, आणि हे काम येणारे माणूस आयतेच गच्चीवर उभे होते.

नवरा पुठ्ठा छातीशी धरून वाट पाहत होता. "खाली जायचं?"

"थांबा," वहिनी तिवई वळवत म्हणाल्या. "अजून ऊन आहे वर."